पीक विचाराले आलेली पोरगी

आमच्याकडे अनोळखी माणसानं पीक विचारलं की आधी रडाचं. पावसानं नेलं म्हणाचं, किडीनं खाल्लं म्हणाचं, अन् काहीच नाही सुचलं तर रानडुकरांच्या नावानं बोटं मोडाची. माझी माय हेच करे, मीही हेच करत आली.

म्हणून ती पोरगी आली तेव्हा मी सावधच होती. सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरच्या दारात उभी राहून म्हणे, "काकू, कॉलेजसाठी लहान शेती करणाऱ्या घरांचा अभ्यास करून राहिली मी. कोण राबते, काय पिकते, एवढंच विचाराचं आहे." रायपूरची होती, मराठीच. पण सँडल पहा तिचे, चिखलाचा डाग नाही! अशी कोण शेतीचा अभ्यास करते? नक्कीच आमच्या यायनं, म्हणजे नवऱ्यानं, पाठवलेलं दलालाचं माणूस. कारण यायचं रिटायरमेंट जवळ आलं होतं, क्वार्टर सोडाचं होतं, अन् दुर्गच्या पुढचं आमचं वावर विकून नेहरू नगरात घर घ्याचं यायच्या डोक्यात बसलं होतं. हे स्टील प्लांटात कामाले, अन् वावर सारं मीच करे. ते गेलं असतं तर मी चार भिंतीत काय करणार होती, डोंबल?

चहा ठेवला अन् सुरू झाली. "धान? कुठचं धान, माय! पाणी साचते, बुडं सडतात. तूर माकडं ठेवत नाहीत. लाखोरीची डाळ तर उगवतच नाही." खरं म्हणजे त्या साली धान लोंब्यांनी लवलं होतं. पण दलालाले कशाले सांगू? मी पदरही डोळ्याले लावला.

"मग काकू, एवढा त्रास आहे तर शेती करता कशाला?"

तेवढ्यात हे आतल्या खोलीतून बाहेर आले. मले वाटलं होतं, रातपाळी करून झोपले असतील. "हेच तर मी म्हणून राहिलो! ही मले सांगते, भरपूर पिकते, विकू नका. आज खरं बोलली." मग तिच्याकडे वळून विचारलं, "तू कोण वं, बाई?"

म्हणजे यायले तिची ओळखही नव्हती! ती खरंच कॉलेजातून आली होती. माझं डोकंच फिरलं.

"खोटं बोलली मी!" मी ओरडलीच. "पिकते! सगळं पिकते! माझ्या हातानं पिकते, अन् मले ते विकाचं नाही!"

पोरगी बावरली. "काकू, मग यातलं खरं कोणतं धरू?"

मी तोंड उघडाच्या आत हे म्हणाले, "पहिलं."