पेअरचा वास

दाजींना माझ्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. ‘तुमची काही चूक नव्हती.’ बस, एवढंच. बाकी सगळ्यांचं म्हणून झालं होतं. आई म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, हॉटेलच्या मॅनेजरने तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं. दाजींना कोणाचंच पटलं नाही, कारण ही सगळी माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतात. मी तशी नाही. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माणसाला त्याची चूक तोंडावर सांगायची, तीही ओरडून, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे मी म्हटलं तर ते खरं असेल, असं दाजींच्या डोक्यात बसलं होतं. आणि मी काही म्हणत नव्हते.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये ते व्हिस्की वाढायचे. अर्थात ‘वाढायचे’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ‘अगं, वाढायला ते काय जेवण आहे? मी ओळख करून देतो,’ असं म्हणायचे. ताई म्हणायची, ‘हो, आणि ओळख झाली की थुंकून टाकता.’ ते खरंच होतं. दिवसभर दारूच्या बाटल्यांमध्ये राहून हा माणूस दारू प्यायचा नाही. घोट घ्यायचा, गालात घोळवायचा, डोळे मिटून विचार करायचा आणि थुंकायचा. ‘पोटात गेली की ती बोलायची थांबते आणि आपण बोलायला लागतो,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. लग्न ठरताना आईने ‘लोकांना दारू पाजणारा जावई नको गं बाई’ म्हणून केवढा आकांत केला होता! पुढे तीच आई दूध नासलंय का ते हुंगायला पातेलं घेऊन दाजींच्या मागे फिरायची.

नाक तसंच होतं त्यांचं. माझ्या गाडीत बसले की आज कोण शिकायला आलं होतं ते सांगायचे. ‘एक सिगारेट सोडू बघणारा दिसतोय, पेपरमिंट फार खातो. आणि एक बाई खूप घाबरलेली होती.’ घाबरल्याचा वास येतो म्हणे! ताईने त्यांचं नाव नाकोबा ठेवलं होतं. घरात अत्तर नाही, उदबत्ती नाही, फरशी पुसायलासुद्धा वास नसलेलं औषध. मी एकदा चुकून सेंट मारून गेले तर मला गॅलरीत बसवून चहा दिला होता. एवढा राग आला होता मला की विचारू नका.

ताईची आणि त्यांची गाठ पडली तीही नाकानेच. ताईचं कपडे बेतायचं, उसवायचं-शिवायचं छोटं दुकान. हॉटेलातल्या माणसांची जाकिटं तिच्याकडे यायची. ती पोचवायला गेली, तेव्हा दाजींनी स्वतःचं जाकीट नाकाशी धरलं आणि म्हणाले, ‘बाई, आज इस्त्री जरा जास्त तापली वाटतं.’ ताई तशी शांत, पण दुकानाबद्दल बोललेलं तिला चालायचं नाही. ‘दिसतंय का कुठे जळलेलं?’ ‘दिसत नाही.’ ‘मग घाला आणि कामाला लागा.’ दाजी घालून कामाला लागले आणि पुढच्या आठवड्यात धडधाकट जाकिटाचं बटण तोडून दुकानात हजर झाले.

शुक्रवारी संध्याकाळी बारच्या मागच्या खोलीत दाजी हौशी लोकांना व्हिस्की चाखायला शिकवायचे. मी एकदा जाऊन बसले होते. लांब टेबल, पांढरा कपडा, बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास, प्रत्येकावर झाकण. दाजी अगदी हळू बोलत होते. ‘ग्लासात नाक खुपसू नका. हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. आधी नुसता झणका येईल. येऊ द्या, तिचं भांडण होऊन जाऊ द्या. मग सांगा, कशाची आठवण येते?’ कोणी म्हणे मध, कोणी म्हणे ओलं लाकूड, एक जण म्हणाला शाळेचं दप्तर. सगळे हसले, पण दाजी हसले नाहीत. ‘बरोबर आहे. इथे चुकीचं उत्तर नसतं. वासाला नाव सापडलं की आपलं काम झालं.’ मग ड्रॉपरने दोन-चार थेंब पाणी घालायला सांगायचे. ‘पाण्याने ती खुलते.’ आणि खरंच, मलाही मघाशी नव्हता तो वास आला. कोवळ्या व्हिस्कीला, पिंपात फार दिवस न राहिलेल्या व्हिस्कीला, पेअरचा वास येतो म्हणे, नासपतीसारखं ते फळ, त्या रसाळ पिकलेल्या पेअरचा. दाजींचा सगळ्यात लाडका वास. जुन्या महाग बाटल्यांपुढे लोक माना डोलवायचे, पण दाजींचा जीव त्या पोरसवदा पेअरवर.

आता जे सांगायचं ते सांगते. मला अजून सरळ सांगता येत नाही.

ताई बारीक होत चालली होती. आम्हाला सगळ्यांना छान वाटत होतं. तिलाही. चाळिशीनंतर सुटलेलं अंग आपोआप उतरतंय म्हणजे लॉटरीच की! स्वतःचे जुने कपडे आत घेत बसायची आणि मला मिरवून दाखवायची. पाणी मात्र सारखं प्यायची, मशीनशेजारी भली मोठी बाटली असायची. दुकानात उकडतं, म्हणायची. थकायची. काम खूप आहे, म्हणायची.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला जायचे. अशाच एका सकाळी ताई ओट्यापाशी उभी होती, दाजी मागून कप ठेवायला आले आणि थबकले. तिच्या तोंडाजवळ नाक नेलं, डोळे मिटले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाजल्यासारखं झालं.

‘पेअर,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘तुझ्या श्वासाला पेअरचा वास येतोय. शपथ. ’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘धाकटे, अगदी कोवळ्या मालासारखा.’

‘अहो, ती बसलीये ना समोर!’ ताईने त्यांना कोपराने ढकललं. पण ती खूश झाली होती. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा असा जवळ येऊन काही बोलतोय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? मीही म्हटलं, ‘नाकोबा, माणसं बसलीत, जरा आवरा.’ आणि आम्ही तिघेही हसलो.

मग त्यांचा तो खेळच झाला. रोज सकाळी कामावर निघताना दाजी तिचा श्वास हुंगायचे आणि नाव सांगायचे. आज पेअर. आज सफरचंदाची साल. ताई मला फोनवर सांगायची, ‘आज काय निघालंय माहितीये का?’ तिच्या आवाजात एवढा आनंद असायचा. नंतरच्या एका रविवारी दाजींनी हुंगलं आणि नाक मुरडलं. ‘आज जरा नेलपॉलिशकडे झुकलंय. कच्ची आहेस गं. पाणी घाल, खुलशील.’ ताईने हसत हसत ती मोठी बाटली उचलून तोंडाला लावली आणि अर्धी संपवली.

पुढे ती उलट्या करायला लागली. पोटात दुखतंय म्हणाली. काहीतरी बाधलं असेल म्हणून तिने एक दिवस अंगावर काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींचा फोन आला, ‘ती हाक मारली की ओ देते, पण डोळे उघडत नाही, आणि धापा टाकतेय.’ मी शिकाऊ पोरीला रस्त्यातच उतरवलं आणि गाडी अशी पळवली की दुसऱ्या कोणी तशी पळवली असती तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. शांतपणे विचारत होत्या. तहान लागायची का? वजन कमी झालं का? घरात कोणाला साखर आहे? आमच्या बाबांना होती, मी सांगितलं. मग त्या दाजींकडे वळल्या. ‘यांच्या तोंडाला फळासारखा वास यायचा का? तुम्हाला कदाचित लक्षात आलं नसेल.’

दाजी ताठ उभे राहिले. अगदी शुक्रवारच्या टेबलापाशी उभे राहायचे तसे. ‘पेअर,’ ते म्हणाले. ‘पिकलेलं. आधी नुसता स्पर्श होता, मग भरत गेला. शेवटी शेवटी नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा.’

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. ‘कधीपासून?’

‘महिना झाला असेल.’

‘मग दाखवलं का नाही?’

 दाजींनी लहान मुलासारखं विचारलं, ‘तो आजाराचा असतो?’

बाईंनी समजावून सांगितलं. शरीराला साखर वापरता येईना, म्हणून ते चरबी जाळायला लागलं. रक्त आंबट होत गेलं. त्याचा तो वास. लवकर कळलं तर इन्सुलिनने माणूस उठून घरी जातो. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की अख्ख्या गावात एकाच माणसाला तो वास पहिल्या दिवशी आला होता, आणि त्याने त्याचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचं हृदय बंद पडलं. शुद्धीवर आलीच नाही.

तिथेच, त्या खोलीबाहेरच्या बाकापाशी, मी दाजींना नको ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. ‘तुला वास आला होता! रोज हुंगत होतास! माणूस होती रे ती, बाटली नव्हती!’ आईने माझा दंड धरला. दाजी नुसती मान हलवत राहिले, जणू मी त्यांना रस्ता सांगत होते आणि तो त्यांना कळत होता. ते बोलल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मी खोटं काय बोलले?

मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. बातम्या मॅनेजरकडून कळायच्या. दाजी कामावर जायला लागले होते. शुक्रवारचं टेबलही मांडलं होतं. झाकणं उघडायला सांगितली, नेहमीचं सगळं बोलले. तेवढ्यात एक नवीन बाई आनंदाने ओरडल्या, ‘मला पेअरचा वास येतोय!’ अशा वेळी दाजी ‘वा!’ म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी त्या बाईंना विचारलं, ‘कधीपासून?’ लोकांना वाटलं विनोद केला, आणि सगळे हसले. दाजींनी पुन्हा विचारलं, ‘कधीपासून येतोय?’ मग हसणं थांबलं. मॅनेजरने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. त्यानंतर दाजींनी ग्लास नाकाशी धरला नाही. हॉटेलने त्यांना खालच्या मजल्यावर सामानाच्या कोठारात बसवलं.

ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

परवा सकाळी मी शाळेच्या मैदानाशेजारी गाडी लावून पुढच्या शिकाऊ माणसाची वाट बघत होते. दार उघडलं आणि स्टिअरिंगपुढे दाजी येऊन बसले. दाढी वाढलेली. ताईने शिवलेला शर्ट अंगावर, चुरगळलेला.

‘ती बसायची जागा शिकणाऱ्यांची आहे,’ मी म्हटलं.

‘तू साखर तपासलीस का?’

‘तपासली.’

‘खोटं बोलतेस.’

‘अहो, तपासली म्हणते ना! ठीक आहे. कागद दाखवू का?’

‘कागद नको.’ त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ‘डॉक्टर म्हणाल्या, बहिणींमध्ये असतं हे. मी रोज सकाळी तुझ्या घरासमोरून जातो. वर यायची हिंमत होत नाही. आज इथे आलो.’ मग ते माझ्याकडे वळले. ‘धाकटे, तू सांग. तू खरं बोलतेस. माझी चूक होती का?’

ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. कोणालाही म्हणता आलं असतं. ताई असती तर तिने पटकन म्हटलं असतं आणि वर टपली मारली असती. आमच्यात तिच्यावर एवढा जीव असणारी दोनच माणसं, आणि आम्ही दोघं गाडीच्या त्या डबड्यात एकमेकांकडे बघत बसलो होतो. मला एवढं भरून आलं, तरी ते वाक्य बाहेर येईना. कारण चूक झाली होती. प्रेमाने झाली होती, पण झाली होती, आणि ताई गेली होती.

‘मला नाही सांगता येत, दाजी,’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. ‘बरं,’ म्हणाले. मग अगदी हळू, ‘मग निदान एकदा श्वास सोड. माझ्याकडे तोंड करून.’

मी काचा वर केल्या. त्यांच्याजवळ सरकले आणि तोंड उघडून श्वास सोडला. दाजींनी डोळे मिटले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. कितीतरी दिवसांनी ते कशाचा तरी वास घेत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, परीक्षेला बसल्यासारखी.

‘चहा,’ ते म्हणाले. ‘नुसता चहा आहे.’ आणि हुंदका फुटून ते स्टिअरिंगवर कोसळले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, ‘उद्या पण येऊ?’

‘या,’ मी म्हटलं. ‘रोज या.’