अक्षय्य तृतीयेला बाहेर, दसऱ्याला आत

मोहन शिगवणने मला एका पिकअपच्या सौद्यात फसवलं, हे मी मस्कतच्या गाला भागातल्या इतक्या लोकांना सांगितलंय की, तुम्ही कधी माझ्या दुकानात पार्ट घ्यायला आला असाल तर तुम्हीही ते ऐकलं असेल. आता जे सांगतोय ते कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. फसवलं मी. मोहनला. आणि पिकअपमध्ये नाही — त्याच्या म्हातारपणाच्या पुंजीत.

सरळ सांगायला गेलो की माझी जीभ आपोआप भाव करायला लागते. थोडं याचं चुकलं, थोडं त्याचं, अर्ध्यावर मिटवू. आयुष्यभर तेच केलं. गाड्यांच्या एसीचे जुने कॉम्प्रेसर विकून मी उभा राहिलो. दुकान अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, कष्ट माझे. हिवाळ्यात कोणी विचारत नाही तेव्हा माल उचलायचा, मे महिन्यात मस्कत तापलं की गिऱ्हाईक स्वतः पाया पडत येतं. प्रत्येक गोष्टीला हंगाम असतो, हे मला धंद्याने शिकवलं. मग पैशालाही असणारच, नाही का? असं मला वाटलं.

मोहन आणि मी, दोघांनी म्हातारपणासाठी भारतात एकाच कंपनीत पैसे ठेवले होते. इथे पेन्शन कुठली. त्या कंपनीचे दोन फंड — एक शेअरचा, एक सरकारी रोख्यांचा. एकातून दुसऱ्यात पैसे हलवता यायचे. मी काही वर्षांचे चढउतार बघितले आणि माझ्या लक्षात आलं की उन्हाळ्यात शेअर घसरतात आणि दिवाळीच्या आसपास सावरतात. झालं. मी नियम केला — अक्षय्य तृतीयेला शेअरमधून बाहेर, दसऱ्याला परत आत. तिथी लक्षात राहते. शिवाय शुभ. एका वर्षी जमलं. पुढच्या वर्षी नाही जमलं, पण ते मी कोणाला बोललो नाही. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये बाजार असा आपटला की दुकानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर माझा भाव वाढला. लोक विचारायला यायला लागले. मोहन तर पहिल्या वर्षापासूनच माझ्याबरोबर होता.

मोहन कोण? मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा ज्याने मला आपल्या खोलीत झोपायला जागा दिली, तो. गुहागरकडचा. पुढे दुक्मला पाइप बसवणाऱ्या टोळीचा फोरमन झाला. दुक्म म्हणजे तेव्हा वाळू, वारा आणि पुरुष. त्याच्या भारतातल्या सिमला कॅम्पात रेंज मिळायची नाही, आणि पैसे हलवायचे तर कंपनी त्याच सिमवर एक आकडा पाठवायची, तो टाकल्याशिवाय काम व्हायचं नाही. म्हणून तो आपला जुना बटणांचा मोबाईल माझ्या दुकानात ठेवून गेला. पासवर्डही सांगून गेला. "शेट, तुझे हलवशील तेव्हा माझेपण हलव. मला यातलं काय कळत नाय."

तो मोबाईल माझ्या गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये असायचा. कधीकधी वाजायचा. पडद्यावर यायचं — 'घर'. ती लतावहिनी, मोहनची बायको. तिच्या फोनमध्ये हाच नंबर वर होता, ओमानचा खाली. ती चुकून हा लावायची. मी कट करायचो आणि मोहनला दुक्मला निरोप द्यायचो, "वहिनींचा मिस्ड कॉल आहे रे." सुरुवातीला द्यायचो.

आता पिकअप. कंपनीने मोहनला गाडी दिली, म्हणून त्याने स्वतःची जुनी पिकअप विकायला काढली. मी घ्यायची ठरली. भाव ठरला, हातावर हात मारला. आणि त्याने ती दुसऱ्याच दिवशी सुलेमानला दिली, बेकरीचे पाव पोचवणाऱ्या मल्याळी माणसाला. माझ्यापेक्षा कमी भावात. एवढंच मी सगळ्यांना सांगत आलो. शब्द दिला आणि फिरवला, असा मित्र असतो का?

जे मी सांगत नाही ते असं. हातावर हात मारल्यावर मी स्टेपनी मागितली. तिचा टायर नवा होता आणि ती गाडीबरोबर देणार नाही हे मोहनने आधीच सांगितलं होतं. तरी मी मागितली. तो नाही म्हणाला, तर म्हटलं मग भावात कमी कर. मग जॅक मागितला. मग ताडपत्री. टपरीवर सगळे उभे. मोहन चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "शेट, माझे बूटपण बघ. मापाचे असतील तर तेपण घे."

लोक हसले. सुलेमानही हसला. मी भडकलो, काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोहन शांतपणे सुलेमानकडे वळला. "सुलेमान भाई, तुम कल आ जाओ. जितना है उतना दे दो. स्टेपनी भी ले जाओ."

त्या हसण्याचा राग होता. पिकअपचा नाही. पिकअप काय, मला दुसरी महिन्याभरात मिळाली.

त्याच वर्षी — २०१४ — अक्षय्य तृतीया आली तेव्हा भारतात निवडणूक चालू होती. निकाल दोन आठवड्यांवर. मस्कतमधल्या रुवीतला एक गुजराती व्यापारी मला म्हणाला, यंदा हलवू नका, निकालानंतर बाजार वर जाणार. मला पटलं. मी ठरवलं, यंदा नियम मोडायचा. माझे पैसे शेअरमध्येच ठेवायचे.

आणि मोहनचा फोन आला. पिकअपनंतर पहिल्यांदाच. जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात.

"शेट, रागावलास काय अजून? अरे, तिथी आली. माझे काढशील ना?"

मी म्हटलं, काढतो.

"तू पण काढलेस ना?"

किती साधा प्रश्न. इथे मी काय म्हणायला हवं होतं? यंदा थांब, एवढंच. दोन शब्द. ते माझ्या तोंडात होते, खोटं सांगत नाही — म्हणजे, एरवी सांगतो, पण हे नाही. तेवढ्यात मला ते हसणं ऐकू आलं. आणि मी म्हणालो, "हो. मी पण."

मग मी ड्रॉवर उघडला, त्याचा मोबाईल काढला, आलेला आकडा टाकला आणि त्याचे पैसे बाहेर काढले. माझे तिथेच ठेवले. हे रागाच्या भरात झालं असं तुम्ही म्हणाल. राग मिनिटभराचा असतो. मी पासवर्ड टाकला, आकड्याची वाट बघितली, पुन्हा एकदा तपासलं.

निकाल लागला. बाजार वर गेला आणि उन्हाळाभर वरच राहिला. मी रोज बघायचो. माझे वाढले याचा आनंद झाला — आणि त्याचे वाढले नाहीत याचा जास्त. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दसऱ्याला त्याने विचारलं, "टाकलेस ना आत?" मी म्हटलं, थोडं खाली येऊ दे, मग टाकतो. खरं कारण वेगळंच. बाजार पडला असता तर माझं पाप आपोआप झाकलं गेलं असतं, म्हणून मी पडायची वाट बघत होतो. पडला नाही. शेवटी पुढच्या वर्षी, मस्कतची थंडी सरताना, घाबरून मी त्याचे पैसे सगळ्यात महाग असताना आत टाकले. आणि मग बाजार पडायला लागला. हंगाम वगैरे काही नव्हतं हो. होती ती माझी फुशारकी.

याच सुमारास मी मोहनला वहिनींच्या मिस्ड कॉलचे निरोप देणं बंद केलं. मोबाईल वाजला की उपडा करून ठेवायचो. वाजून वाजून गप्प व्हायचा.

मोहनचा बेत होता की कंत्राट संपलं की कायमचं घरी. वहिनींना दम लागायचा, अंगणातली तुळस ओलांडून विहिरीपर्यंत जाताना बसावं लागायचं. तिने त्याला सांगितलं होतं, आता या, आहे त्यात भागवू. मोहन म्हणायचा, फंड एवढ्यावर आला की येतो. तो 'एवढ्यावर' आला नाही. कसा येणार?

कंत्राट संपायच्या आधी तो मस्कतजवळच्या अमेरातला माझ्या घरी आला. हिशेबाचा कागद त्याने कंपनीकडून मागवला होता. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, भांडणही तयार ठेवलं होतं. तो बर्फाच्या खोक्यातून दुक्मची सुरमई घेऊन आला होता. चांगली हातभर. माझ्या बायकोच्या हातात देऊन म्हणाला, "वहिनी, हिच्या नीट तुकड्या पाडा, शेटला मधली द्या."

मग माझ्याजवळ बसला. "जाऊ दे रे," म्हणाला. "बाजार आहे. तुझंपण तेवढंच गेलं असेल की. तुझं तर माझ्यापेक्षा जास्त. बोलत नाहीस, पण मला कळतं."

मी मान हलवली. त्याने माझं सांत्वन केलं आणि मी ते घेतलं. सुरमईची मधली तुकडीही खाल्ली. बायको म्हणाली, किती चांगला माणूस आहे, आणि तुम्ही अजून त्या पिकअपचं काढता. मी तिच्यावर ओरडलो.

मोहनने कंत्राट वाढवलं. आणखी दोन वर्षं. त्यातल्या दुसऱ्या वर्षी, गणपती जवळ आलेले असताना, लतावहिनी गेली. मोबाईल आदल्या दिवशी वाजला होता. 'घर'. मी उपडा केला होता. ती मोहनशी ओमानच्या नंबरवर नंतर बोलली, हे मला त्याने सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे की त्या कॉलमुळे काही बिघडलं नाही. पण मी हे इथे का लिहितोय? पुन्हा घासाघीस. पुन्हा अर्ध्यावर मिटवणं. बिघडलं होतं ते आधीच, आणि माझ्या हाताने. तिला नवरा जवळजवळ दोन वर्षं घरी मिळाला असता. नाही मिळाला.

तो दुक्मवरून आला, मी त्याला विमानतळावर सोडलं. दुकानातून निघताना मी ड्रॉवरमधला मोबाईल त्याच्यापुढे धरला. वाटलं, घेऊन जाऊ दे. एकदाचं खलास होऊ दे. त्याने तो हातात घेतला, बटणं दाबून 'घर' हे नाव बघितलं आणि परत माझ्या हातात दिला.

"राहू दे तुझ्याकडेच. फंडाला लागेल."

गाडीत तो एकच वाक्य बोलला. "तिने सांगितलं होतं रे, आहे त्यात भागवू. मीच ऐकलं नाय." त्याने सगळा दोष स्वतःकडे घेतला. सिग्नलला मी गाडी थांबवली, त्याच्याकडे बघितलं, आणि सिग्नल सुटल्यावर पुढे काढली. विमानतळ येईपर्यंत किती रस्ता होता. बोललो नाही.

आता तो गुहागरला एकटा राहतो. दरवर्षी अक्षय्य तृतीया जवळ आली की त्याचा फोन येतो. "शेट, यंदा काढायचे काय?" मी म्हणतो, आता हलवू नको, असू दे जिथे आहेत तिथे. तो म्हणतो, तू म्हणशील तसं.

मोबाईल अजून ड्रॉवरमध्ये आहे. मी तो चार्ज करून ठेवतो, का ते मला सांगता येत नाही. तो आता वाजत नाही. दुपारी दुकानात कोणी नसलं की मला वाटतं वाजला, आणि मी ड्रॉवर उघडतो. तो उपडाच असतो. सरळ करून ठेवतो, तरी पुढच्या वेळी बघावं तर उपडा. माझाच हात तसा ठेवतो बहुतेक.

पिकअपची गोष्ट मी सांगायची बंद केली आहे. लोक विचारतात, काय शेट, तो दुक्मवाला, त्याने फसवलं होतं ना तुम्हाला? मी म्हणतो, स्टेपनी माझी नव्हती. त्यांना कळत नाही.

मला माफी नको. तिचाही मी भाव करीन. मला फक्त जाब द्यायचा आहे, आणि तो मागायचा हक्क ज्याचा आहे तो माणूस मला अजून शेट म्हणतो. मोहन, हे वाचलंस, किंवा कोणी तुला वाचून दाखवलं, तर फोन लाव. त्या ड्रॉवरमधल्या नंबरवर लाव, मी उचलीन. आणि त्या वर्षी विचारलंस तेच पुन्हा विचार — तू पण काढलेस ना? सोडू नको मला. उत्तर येईपर्यंत विचारत राहा.

नाही, मोहन. मी नव्हते काढले.