गीझर, बंब आणि आमच्या बोअरचं पाणी

मंगळवारी सकाळी आमच्या परड्यात बंब पेटला... आणि पेटवला कुणी, तर आमच्या मारुतीनं. माझा थोरला लेक. कंग्राळीतल्या आमच्या गल्लीत धूर बघून दोघीतिघी विचारायला आल्या, घरात काय कार्य हाय काय म्हणून!

झालं असं, की आमचा गीझर आठवडाभर नुसता खदखदायचा आणि पाणी मात्र कोमट द्यायचा. इलेक्ट्रिशियननं उघडून आतली कॉईल बाहेर काढली... कॉईल कसली, पांढरं कणीसच ते! सगळा चुना बसलेला.

मला पान खायची सवय. म्हटलं, चुना तर चुना, घरबसल्या मिळतोय... एक खपली काढून पानाला लावून बघितली. ना रंग, ना चव, दाताखाली नुसती कचकच. थुंकून आले.

"आज्जी, पाणी लई जड हाय तुमचं," इलेक्ट्रिशियन म्हणाला. झालं! मारुतीचं तोंड उतरलं. "पाण्याला काय धाड भरलीया? गीझरच बोगस हाय."

आमच्या बोअरबद्दल बोललेलं मारुतीला खपत नाही. मागं लागून त्यानंच तो मारून घेतला, पाणी लागलं त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. त्या पाण्यात धुतलेला टॉवेल वाळला की पापड होतो, शॉवरची निम्मी भोकं बुजली, वॉशिंग मशीन सारखं रुसून बसतं... पण बोलायची सोय नाही. बोअर म्हणजे त्याचं लाडकं पोर.

मग मारुतीसाहेबांनी फर्मान काढलं. "गीझर नको न् काय नको. माळ्यावरचा बंब काढूया. आप्पांनी हौसेनं आणलेला बंब हाय आई... तेवढीच आठवण." आप्पा म्हणजे आमचे मालक, मारुतीचे वडील.

"आठवण तुला आणि धूर माझ्या डोळ्यात, व्हय रं?"

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. धुराजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मारुतीच्या समोरच सांगितलं होतं... आणि घरात सगळ्यात आधी उठणार मी. म्हणजे रोज बंब कोण पेटवणार, ते काय सांगायला पाहिजे?

अर्धा जन्म त्या बंबापुढं फुंकणी घेऊन बसण्यात गेला माझा. लोकांना बंब बघून जुने दिवस आठवतात, मला खोकला आठवतो. गीझर घरात आला त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू लावलंय, आणि ते काही उगीच नाही.

भांडत बसले नाही. एवढंच म्हटलं, "बंब लाव की, माझी ना न्हाय. पण पहिल्या दिवशी तू पेटवायचास."

लगेच तयार झाला! आमच्या सुनेनं, रेखानं, चिंच लावून बंब असा घासला की त्यात तोंड दिसावं. मारुतीनं बोअरचं पाणी भरलं, गोवऱ्या, करवंट्या, जळण सगळं जमवलं आणि लुंगी खोचून बसला.

पहिला धूर निघाला तेव्हा हसत होता. पुढं फुंकून फुंकून डोळे लाल, नाकातनं पाणी, कपाळावर काजळी... मी लांब कट्ट्यावर चहा पीत बसलेले. इतका चवीचा चहा लई दिवसात प्यायला नव्हता.

शेवटी पाणी तापलं. बंब घुमायला लागला. मारुतीनं ऐटीत खाली बादली लावली आणि तोटी फिरवली...

एक थेंब. मग थांबून अजून एक थेंब. आत पाणी उकळतंय आणि बादली कोरडी!

"आई, तोटी गच्च झालीया की गं."

"आप्पांची आठवण आडकली असंल आत," स्वयंपाकघरातनं रेखा म्हणाली.

सासू म्हणून मी तिला दटावायला पाहिजे होतं. पण मला इतकं हसू आलं की कपातला चहा सांडला. मग मारुतीही हसायला लागला... काळ्या तोंडातनं नुसते पांढरे दात.

वायर घालून त्यानं तोटी टोकरली, तर आतनं खपल्या पडल्या. तोच पांढरा चुना. गीझर यायच्या आधी आम्ही बंबातही बोअरचंच पाणी भरत होतो, ते त्याला तिथं आठवलं. खपल्या हातात घेऊन त्यानं बोटानं चुरून बघितल्या. "बोअरचंच पाणी हाय, आई," एवढंच म्हणाला.

मी उठून कप विसळायला गेले. आपल्या लाडक्याची खोडी आपल्यालाच दिसली की वरनं आणि कुणी सांगू नये.

आमच्याकडं नळाला धरणाचं पाणी येतं, अधनंमधनं. ते आम्ही फक्त प्यायला भरायचो. मारुतीनं त्याच दिवशी बाथरूमच्या वर एक लहान टाकी बसवली... नळाचं पाणी त्यात, आणि त्यातनं गीझरला अन् मशीनला. बोअरचं पाणी झाडांना आणि परडं धुवायला.

कॉईल रेखानं चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली. बारीक फेस आला, खपल्या सुटत गेल्या. इलेक्ट्रिशियननं ती तपासून परत बसवली. आणि बंब हॉलमध्ये कोपऱ्यात गेलाय, वर कापडी फुलं घालून. तिथं तो शोभतो... मला जवळ जावं लागत नाही.

आज सकाळी बटण दाबलं. खदखद नाही, काही नाही, गुपचूप पाणी तापलं. मी अंघोळीला बसले तर दाराबाहेरनं मारुतीचा आवाज, "तापलंय काय गं, आई?"

तापलंय रं बाबा, चटका बसंल असं तापलंय... देवाकडं आज काही मागितलं नाही. पोरगं ऐकणारं दिलंय त्यानं. जरा धूर खाऊन ऐकतंय... पण ऐकतंय.