जिनातली परीक्षा

भिंत एकच असली की शेजाऱ्याचं निम्मं बोलणं आपोआप कानावर येतं आणि निम्मं आपण लावून घेतो. अशानंच तर किस्से साठतात! पंचावन्न सालच्या आगेमागे, कारंजा गावात आमच्या शेजारचा शंकर जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजन चालवायचा. एका सकाळी बायकोला, गोदीला, सांगत होता, "मुंबईहून साहेब येऊन राह्यला. सगळ्याइची परीक्षा घेनार. ज्याले येनार नाही, त्याले..."

तेवढ्यात मेली बादली वाजली!

पुढचं मीच लावलं, "काढून टाकनार!" दुपारपर्यंत सारी आळी तेच बोलत होती. गोदीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

*

शंकर नुसत्या आवाजावरून इंजनाचा बिघाड सांगायचा, पण अक्षर-आकडा येत नव्हता. मी भिंतीवरून त्याची तयारी घेतली.

"पट्टा निसटला तं काय करशीन?"

"इंजन बंद."

"आन् मॅनेजर रागावला तं?"

"तरी इंजन बंद, काकू!"

*

परीक्षेच्या दिवशी गोदी देवापुढून उठेना, म्हणून डबा मी नेला. आणि फाटकाशी न थांबता थेट आत गेले!

साहेब कापूस निवडणाऱ्या रखमाला विचारत होता, "कापूस ओला की कोरडा, कसं ओळखता?"

तिनं सरकी दाताखाली कट्ट फोडली. "वाजली तं कोरडा." दुसरी त्याच्या हातावर ठेवली, "तुमी पाहा बरं."

साहेबानं चावली. वाजली नाही. "हा ओला?"

"नाही जी. दाढेनं चावा!"

*

मग तेलवाला बुढा.

"यंत्राला तेल केव्हा देता?"

"भोंगा झाला की."

"आणि भोंगा झालाच नाही तर?"

"तं मी घरीच राहीन, साहेब!"

*

शेवटी शंकर. साहेबानं बॉयलर आधीच विझवून ठेवला होता. वाफेच्या मीटरकडे बोट करून म्हणाला, "दाब किती?"

शंकरनं मीटरची काच पुसून पाहिली.

"मले वाचता येत नाही, साहेब. मी आवाजावर चालवतो."

मॅनेजर उसळले, "अबे शंकऱ्या, साठ! रोज मीच तं वहीत लिवतो!"

साहेबानं शून्यावरचा काटा दाखवला आणि थंड बॉयलरवर हात ठेवला. "मॅनेजर, तुम्हीही ठेवा."

कागदावर दोन नावं चढली. काढलं कोणालाच नाही! ज्याला जे येत नाही ते शिकायला महिनाभर नागपूर, तेही पगार चालू ठेवून. गोदी रडता रडता हसली. मी पोटभर जेवले.

शंकर जाणार, एवढं मात्र माझं खरं निघालं. स्टेशनावर दोघं वळकट्या घेऊन उभे. गाडी आली तसे मॅनेजर शंकरजवळ सरकले अन् हळूच म्हणाले,

"शंकरराव, तिथं मले नुसतं भाऊ म्हनजा."