"पोरगा रातपाळीचा हाये, माय"

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बाबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा, सगळं घरातून हद्दपार केलं होतं. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... कारण गोष्ट बाबांचीच आहे.

साल १९७८ असावं. आम्ही नालवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचो. मी सूतगिरणीत, पाळी दर आठवड्याला बदलायची. तिसरी पाळी करून सकाळी घरी यावं, तर दारासमोरच हापसा! त्याची करकर, बायांच्या गप्पा, गुंड-कळशांचा खणखणाट... बायको कमल दवाखान्यात आया, ती दिवसभर बाहेर. पण बाबा होते. मी झोपलो की ते पायरीवर बसत आणि हापशावर कोणी आलं की उजवा हात वर करून म्हणत, "पोरगा रातपाळीचा हाये, माय. सांजच्याले भरजो." बाया कुरकुरत, पण ऐकत. त्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी काढताना रात्री डोळा लागला आणि मशीननं ती नेली.

बाबा हिवाळ्यात गेले आणि माझी झोपही गेली. खिडकीला तरट लावलं, कानात कापूस कोंबला — गिरणीवाल्याला कापसाचा काय तोटा! — तरी हापसा डोक्यात चालूच. एका रात्री मशीनवर उभ्या उभ्या पेंगलो. जॉबरनं, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमानं, कॉलर धरून मागं ओढलं म्हणून हात वाचला. "मरतं का बे?" एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून कामावर जाताना मला माझ्याच हातांची काळजी वाटायची.

आणि मे महिन्यात, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात, अचानक झोप लागायला लागली. अगदी गाढ. मला वाटलं, हापसा बिघडला असेल.

त्या शनिवारी संध्याकाळी लीलाबाई तणतणत दारात आली. ती सिंदीहून नुकतीच शेजारी राहायला आलेली. बाबांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"भाऊ, राग नका मानू, पण बुढ्या माणसाले असं उन्हात बसवता का जी? तुम्ही आत झोपता अन् ते पायरीवर तापून राह्यले!"

"कोण?"

"तुमचे बाबा, अजून कोण! त्यायनं म्हटलं म्हणून मी सांजच्यालेच पाणी भरून राह्यली. पण ते हात वर करते तं जीव कसातरी होते... दोन बोटं नाई ना त्या हाताले."

कमलनं माझा दंड घट्ट धरला. "पाहतो," म्हणून मी लीलाबाईची बोळवण केली. बाकीच्या बायांना मी आडून विचारलं, हल्ली दुपारी पाणी का भरत नाही? "काय माहीत, भाऊ. हापशाले हात लावावंसाच वाटत नाई," एक जण म्हणाली.

घाबरलो नाही मी. रडलो मात्र पोटभर. दुसऱ्या दिवशी दोन बांबू रोवून पायरीवर तरटाची सावली केली. कमल मडक्यात पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही तं मानत नाई ना?"

"नाई मानत. पण ऊन तं खरं हाये ना!"

पुढच्याच महिन्यात जॉबरनं शब्द टाकला आणि मला जनरल शिफ्ट मिळाली. रातपाळी कायमची सुटली. काही दिवसांनी लीलाबाईनं हापशावरूनच विचारलं, "भाऊ, बाबा गावाले गेले का? दिसून नाई राह्यले."

"हो, माय," मी म्हटलं. "आता त्यायले आराम हाये."

कुणी म्हणेल, बोटांचं तिला आधीच कोणीतरी सांगितलं असेल. असेलही. पण माझी दहाही बोटं शाबूत आहेत, आणि हे त्याच बोटांनी लिहितोय.