वॉल्टर आजोबांच्या पेट्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सिंकखालच्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एखाद्या दिवशी दुसरंच काही काढायला दार उघडावं, तर सगळ्या अंगावर! आमच्या शनिवारच्या साप-ग्रुपचे माझ्याकडे इतके झालेत, की पॉटलकच्या जेवणाला कुणीतरी हमखास म्हणतं, "ए, ते सापवाल्या लोकांचं सांग ना!" मी सांगते. लोक हसतात. मीही हसते. आणि घरी येताना गाडीत मंदार विचारतो, "काय झालं गं?"

आधी हे कबूल करते की मी काही सापांची माणूस नाही. मी पालीलाही घाबरते. पण आमच्या लेकीला, इराला दमा, पाचव्या वर्षी तिला हवा होता कुत्रा, आणि इथली, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलची आमची डॉक्टर म्हणाली, "केसवालं काही नको. मासे आणा. नाहीतर साप!" ती गंमत करत होती. इरा नव्हती.

माझा एच-फोर व्हिसा, म्हणजे नोकरी करायची नाही. मायक्रोबायोलॉजीतली एम.एस्सी. बॅगेच्या तळाशी. त्यामुळे काळजी करायला मला अख्खा दिवस मोकळा होता. लायब्ररीतून सापांवरची सहा पुस्तकं आणली, आणि तिथेच बोर्डावर कागद दिसला: मागच्या खोलीत दर शनिवारी साप पाळणारे जमतात.

जमतात म्हणजे तिघं. डेनिस, दातांच्या दवाखान्यात काम करणारी. समीर, आपला नागपूरचा, आयटीतला, एकटा राहणारा. आणि वॉल्टर. शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेले, पंचाहत्तरीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कुठल्या सापाला कसली पेटी हवी, यावर त्यांचा शब्द शेवटचा. इरा त्यांना पहिल्या दिवसापासून 'वॉल्टर आजोबा' म्हणायला लागली. ते अर्थातच इंग्रजीत बोलायचे. माझ्या आठवणीत मात्र ते मराठीतच बोलतात, त्याला माझा इलाज नाही.

* * *

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा.

साप आणला कॉर्न स्नेकचं पिल्लू. नारिंगी, बुटाच्या नाडीएवढं. वेटोळं घालून बसलं की हुबेहूब चकली, म्हणून नाव चकली. आणि ह्या नाडीसाठी मी आणला चार फुटी काचेचा टँक! दुकानातला सगळ्यात मोठा. ठेवला कुठे? घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी, पूर्वेच्या खिडकीत. ऊन, उजेड, बाहेर झाडं. मला स्वतःला अशी खोली मिळाली असती तर मी आयुष्यभर तक्रार केली नसती.

चकली तीन आठवडे जेवली नाही. मी रोज रडायच्या बेतात. शनिवारी ग्रुपमध्ये सांगितलं, तर वॉल्टर त्याच संध्याकाळी घरी आले. टँककडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही इराला लहानपणी फुटबॉलच्या मैदानात झोपवायचात का?"

मग गाडीतून एक प्लास्टिकचा डबा आणला. बुटांच्या खोक्याएवढा, झाकणाला क्लिपा, बाजूंना भोकं. आत कागदाचे तुकडे, पाण्याची वाटी, लपायला टॉयलेट पेपरची नळी. डबा ठेवला कपाटाच्या अंधाऱ्या खणात. मला इतकी लाज वाटली! आमच्या ओळखीतले सगळे मोठ्या घरासाठी धडपडतायत, आणि माझा साप डब्यात?

चौथ्या दिवशी चकली जेवली. मी वॉल्टरना फोन केला. ते म्हणाले, "अभिनंदन. आता तुम्ही पण जेवा."

* * *

समीरच्या अपार्टमेंटमध्ये पाळीव प्राण्यांना बंदी. त्याच्याकडे चार फुटी अजगर, नाव 'भाऊ'. दर सहा महिन्यांनी अपार्टमेंटच्या ऑफिसातली बाई घर तपासायला यायची. ती येण्याआधी समीर भाऊला उशीच्या अभ्र्यात घालायचा, अभ्रा भारतातून आणलेल्या मोठ्या सूटकेसमध्ये, आणि सूटकेस दाराशी.

"इंडियाला निघालास?"

"हो ना. आई आजारी आहे."

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी बाईने त्याच्या आईसाठी कार्ड आणि फुलं आणली! समीर शनिवारी ती फुलं घेऊनच ग्रुपला आला. "वहिनी, मला नरकातसुद्धा रूम मिळणार नाही यार," म्हणाला.

वॉल्टर गंभीरपणे म्हणाले, "पण पेटीची निवड चांगली आहे. ग्रुपमधली ही एकच, जिला चाकंही आहेत आणि नंबरचं कुलूपही."

कुलपांवर त्यांचा फार जीव. "साप कधी पळून जात नाही," ते म्हणायचे, "आपण त्याला जाऊ देतो." त्यांची स्वतःची पर्ल बावीस वर्षांची. बॉल पायथन, म्हणजे अजगरच, जाड, संथ, त्यांच्या बायकोने आणलेली. पर्लच्या पेटीला त्यांनी दोन कड्या आणि वर एक कुलूप लावलं होतं.

* * *

नागपंचमीला सासूबाई आमच्याकडे होत्या. आयुष्यभर पाटावर काढलेल्या नागाची पूजा केली, आता सुनेच्या कपाटात खरा साप! त्यांनी ताट केलं, हळद-कुंकू, दूध, लाह्या. मी म्हटलं, "आई, साप दूध पीत नाहीत."

"ते मला ठाऊक आहे. मी बीएस्सी आहे. दूध ठेवायचं असतं."

तेवढ्यात बेल वाजली. वॉल्टर! चकली वाढली म्हणून त्यांनी तिच्यासाठी लाकडी पेटी केली होती, हातात ड्रिल, हवेची भोकं पाडायची राहिली होती.

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "आज चिरायचं नाही, कापायचं नाही, भोकसुद्धा पाडायचं नाही."

मी सांगितलं. वॉल्टर म्हणाले, "किती वाजेपर्यंत?"

"दिवसभर!"

ते बाहेर गेले, ड्रिल गाडीत ठेवून आले, बूट काढले आणि पूजेला बसले. कुंकू पेटीच्या झाकणाला लावू दिलं, आत नाही. मग पुरणाची वाफवलेली दिंडं खाल्ली. चार! वर तूप मागून घेतलं. सासूबाई पुढे महिनाभर मंदारला ऐकवत होत्या, "त्या माणसाकडून शीक जरा."

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी भोकं पाडली. ओळीत बारा.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बेल. दारात वॉल्टर, हातात ड्रिल. "भोकं राहिली होती ना?"

आम्ही किती हसलो! सासूबाई म्हणाल्या, "दिंडांची चटक लागली!" आणि लगेच कणीक भिजवायला घेतली. वॉल्टर त्या बारा भोकांवरून बोट फिरवत उभे होते. मग तेही हसले. आमच्यापेक्षा थोडे उशिरा.

* * *

पॉटलकला मी सहसा इथे थांबते. पुढचेही किस्सेच आहेत म्हणा.

डेनिसच्या सापासाठी वॉल्टरनी अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली. कोपरे असे जुळवलेले की जोड दिसू नये. टेबलावर ठेवल्यावर आम्ही 'वा' म्हटलं. डेनिसने पेटी फिरवली. पुन्हा फिरवली.

"वॉल्टर, दार?"

पेटीला दार नव्हतं. सहाही बाजू बंद.

"जगातली सगळ्यात सुरक्षित पेटी!" समीर म्हणाला. सगळे हसले. वॉल्टर सुद्धा. पण त्यांचा एक हात पेटीवरच राहिला, आणि बैठक संपेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

* * *

मग पर्ल हरवली.

फोन इतका शांत होता की मला आधी कळलंच नाही. "पर्ल पेटीत नाहीये. दोन्ही कड्या उघड्या आहेत. कुलूप माझ्या खिशात आहे."

आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. सोफा उलटा केला, कपाटं रिकामी केली. तिसऱ्या दिवशी समीरने फ्रिज पुढे ओढला, तर मागे मोटरच्या उबेला पर्ल. धुळीने माखलेली, पण ठीक.

कपाटं रिकामी करताना मात्र दुसरंच सापडत होतं. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. आरशामागे. डब्यांच्या झाकणांखाली. सगळीकडे एकच वाक्य, सुतारी पेन्सिलीने. आम्ही मोठी माणसं मनातच वाचून पुढचं दार उघडत होतो. इरा तेव्हा नुकती वाचायला शिकत होती. तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "क्लोज... पर्ल्स... डोअर!" आणि मग, "आजोबा, व्हाय डिड यू राइट इट सो मेनी टाइम्स?"

"एकदा लिहून पुरत नाही, राणी," वॉल्टर म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. दिंडं खाताना सुद्धा, कदाचित.

* * *

त्यांची मुलगी कॅरल ओरेगॉनला. तिचं म्हणणं सरळ होतं: बाबांना एकटं ठेवायचं नाही, त्यांच्यासाठी वृद्धांचं चांगलं होम बघायचं. वॉल्टरचं म्हणणंही सरळ होतं: "पर्ल जिथे, तिथे मी." आणि होममध्ये साप चालत नाहीत.

आम्ही कॅरलला शब्द दिला की आम्ही बघतो. वार वाटून घेतले. रोज संध्याकाळी एकाने जायचं. पर्लची पेटी, गॅस, दिवे, सगळं बंद आहे ना बघायचं, आणि उगाच आल्यासारखं दाखवायचं. वॉल्टर प्रत्येकाला तेच विचारायचे, "सहज आलात?" आम्ही म्हणायचो, "सहज."

सहा आठवडे हे चाललं. मंगळवार माझा होता.

सातव्या मंगळवारी इराला दम्याचा अटॅक आला. दुपारपासून इमर्जन्सीत, तोंडाला मास्क, मी तिचे श्वास मोजत बसलेले. मी, जी दूध नीट उकळलंय का हे चार वेळा तपासते, पावसाळी ढग दिसला की शाळेत फोन करते, ती मी दुसऱ्या कुणाला फोन करायचं विसरले. डेनिस गेली असती. समीर धावत गेला असता. एक फोन.

त्या संध्याकाळी वॉल्टरनी पर्लचा उबेचा दिवा पुसायला काढला आणि चालूच टॉवेलावर ठेवला. शेजाऱ्याने धूर बघितला. फार काही जळलं नाही. टॉवेल, टेबल, पडद्याची कड. वॉल्टर बाहेर गवतावर पर्लला स्वेटरमध्ये गुंडाळून बसले होते. बंबवाल्याला म्हणाले, "तिला गार लागतंय, जरा लवकर करा."

मी कॅरलला सगळं सांगितलं, मंगळवार माझा होता हेसुद्धा. ती म्हणाली, "मला तुमचा राग नाही आला." तेवढं तिने रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पर्ल डेनिसकडे गेली. वॉल्टरनी स्वतः तिला नेऊन ठेवलं, कड्या लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "पर्ल पेटीत नाहीये."

* * *

आता हा शेवटचा.

कॅरल चार दिवसांसाठी आली. म्हणाली, "बाबा तुमचं ऐकतात, होम बघायला सोबत चला." मी आणि समीर गेलो. गाडीत तिने वॉल्टरना दोनदा नीट सांगितलं की आपण तुमच्यासाठी जागा बघायला चाललोय. दोन्ही वेळा ते म्हणाले, "छान."

तिथे कॅरल ऑफिसात सह्या करायला बसली. मला तिने एक फॉर्म भरायला दिला. नाव, वय, उंची, औषधं. तो भरून, हातात घेऊनच मी खोली बघायला गेले. खोली दाखवणारी मॅनेजर अगदी तरुण मुलगी होती.

वॉल्टर दारातच थांबले. मग आत गेले, भिंतीवर हात ठेवला, खाली वाकून कोपरे बघितले. चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला होता.

"रात्री तापमान किती ठेवता?"

"बहात्तर फॅरनहाइट," मुलगी म्हणाली.

"आणि दिवसा?"

"तेवढंच."

"असं नको. एक बाजू गरम हवी, एक गार. त्याला हवं तिकडे जाता आलं पाहिजे."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खिडकीजवळ थोडं गार असतं, सर."

"चालेल. एका ठिकाणी एकच ठेवता ना? लोक दोन ठेवतात. त्यांना वाटतं सोबत होते. होत नाही."

"एकच, सर."

"दार?"

मुलीने दारावरचं नंबरांच्या बटणांचं कुलूप दाखवलं. वॉल्टरनी दार लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. "सुंदर काम आहे," म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले.

"किती लांब आहे तुमचा?"

समीर खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी हातातल्या फॉर्मकडे बघितलं. उंचीचा आकडा माझ्याच अक्षरात होता.

"सहा फूट एक इंच," मी म्हटलं.

वॉल्टरनी डोळ्यांनी खोली मोजली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"घ्या मग. पुरेल त्याला. पण पहिला आठवडा कुणी हात लावू नका. खाल्लं नाही तरी घाबरू नका." दारातून बाहेर पडता पडता ते थांबले. "आणि त्याच्या जुन्या पेटीतलं काहीतरी आत ठेवा. ओळखीचा वास लागतो."