हौदातल्या पाण्याची रेघ

आमच्या लालबागच्या चाळीत माझ्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. शाळेत गणित शिकवायची. कुठलीही गोष्ट चौकटीच्या कागदावर मांडल्याशिवाय तिला पटत नसे. ज्वारीचा भाव चढला, मांड रेघ. मी तिसरीत शाळा सोडलेला, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा. भाकरी थापता थापता मला शिकवायची, "अहो, रेघेला घाबरता काय? तिच्यावरच्या दोन खुणा धरा. उभं किती गेलो, आडवं किती गेलो, मोजा. उभ्याला आडव्याने भागा. आला चढ. रेघ खाली उतरत असली तर उणे म्हणा."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कर्फ्यू लागला, त्यात नळ गेला. चौकातल्या हौदात होतं तेवढंच पाणी. तासाला चार खोल्यांची पाळी, खोलीला एक हंडा. हिला सातवा महिना, तरी दर तासाला काठी बुडवून पाणी बोटांनी मोजायची नि कागदावर टिंब द्यायची.

चार वाजता तिने चाळ चौकात गोळा केली नि पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुम्ही सांगा. आठ ते बारा."

मी चौकटी मोजल्या. "आठ बोटं खाली, चार तास. तासाला दोन."

"आता बारा ते दोन."

तिथे रेघ कड्यासारखी उतरली होती. आठ बोटं, दोनच तास. "चार," मी म्हटलं. जास्तीचं पाणी माझ्याच खाटेआडच्या पिंपात होतं. ही शेजारी गेली तेव्हा भरलं होतं, पोट सांभाळत हिला पाळीला उभं राहायला लागू नये म्हणून.

"म्हणजे दुप्पट उपसलं कुणीतरी," तळमजल्यावरची काकू म्हणाली. "तिसऱ्या माळ्यावरचा शांताराम सारखा जिन्यात असतो."

"माझ्याकडे एकच कळशी आसा, काकी. येवन बघा," शांताराम म्हणाला. दोघं बाप्ये त्याची खोली बघायला जिना चढायलाही लागले. मी पेन्सिलीकडे बघत उभा.

"थांबा," ही म्हणाली. "पाणी आमच्या घरात आहे."

आठ हंडे मी एकट्याने परत हौदात ओतले, सगळ्या चाळीसमोर.

घरात आल्यावर मी ओरडलो, "नवऱ्याची अब्रू घालवलीस. कागदावरून ओळखलंस?"

"नाही. पिंपाचं झाकण उलटं बसवलं होतंत. दुपारीच बघितलं."

"मग मला का वाचायला लावलंस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

गिरणीत पट्टा तुटून अंगावर आला होता एकदा, तेव्हाही एवढा हादरलो नव्हतो. तिने वाट बघितली होती. शांतारामच्या खोलीवर माणसं निघाली तोवर बघितली.

पुढे आयुष्यभर तिने तो विषय काढला नाही. टोमणासुद्धा नाही. मला वाटायचं, विसरली असेल, आपण कशाला उकरा. गेल्या महिन्यात ती गेली. शेवटचे चार दिवस शुद्धीवर होती, मी उशाशी होतो. औषधाचं बोललो, मुलीचं बोललो. चुकलो गं, एवढं म्हणायचं राहिलं.